आजोबांचा चाकू, प्रतापगडचा बिचवा आणि आपला खिसा

१/
या वेळचा धागा किल्ल्यांचा नाही आणि लढायांचाही नाही. चार बोटे लांबीच्या एका पात्याविषयी आज लिहिणार आहे, आणि जरा विस्ताराने लिहिणार आहे. निमित्त एका वाचकाच्या संदेशाचे. “दादा, रोज खिशात बाळगायला कोणता चाकू बरा? कुणाच्या नजरेस पडू नये असा सांगा. नऊ इंचांपर्यंत कायद्याची आडकाठी नाही ना? आणि आपल्याकडे तर ही परंपराच आहे.” सोबत दोन छायाचित्रे होती. एक घडीच्या चाकूचे, दुसरे घरपोच मागवलेल्या पितळी वाघनखांचे. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, वाचणारा आहे, सभासदाची बखर त्याने मुळातून वाचली आहे. म्हणूनच उत्तर खासगीत न देता इथे देत आहे.

२/
मी वाशीचा. धाराशिव जिल्ह्यातली वाशी. नवी मुंबईतली नव्हे, हे दर वेळी सांगावे लागते. आमचा मुलूख बालाघाटच्या डोंगररांगांचा, बेभरवशाच्या पावसाचा, शेळ्यांचा आणि खव्याच्या भट्ट्यांचा. देशभर ठाऊक असलेली उस्मानाबादी शेळी ती इथलीच. माझ्या आजोबांच्या बंडीच्या आतल्या खिशात कायम एक घडीचा चाकू असे. मूठ शिंगाची, पाते जेमतेम तीन इंचांचे, आणि दगडावर इतक्या वेळा घासलेले की मध्यभागी खोलगट झालेले. तो चाकू सहसा कुणाच्या दृष्टीस पडत नसे. पण आबांच्या खिशात चाकू आहे, हे साऱ्या आळीला ठाऊक होते. पोत्याची सुतळी कापायची असो, पायातला बाभळीचा काटा उकरून काढायचा असो की शेळीचे वाढलेले खूर तासायचे असोत, हाक आबांना जाई.

३/
मी सात-आठ वर्षांचा असतानाचा एक प्रसंग आहे. गोठ्यात एक शेळी दाव्याला पीळ बसून गव्हाणीच्या कडेला लटकली होती. डोळे पांढरे झाले होते. मी धावत जाऊन गाठ सोडवू लागलो. नायलॉनची गाठ, ओढ बसून दगडासारखी झालेली. आबा आले, खिशात हात घातला, एका झटक्यात दावे तोडले. म्हणाले, “आधी दावं काप लेकरा, गाठीचं मागनं बघू.” शेळी वाचली. आबांनी पाते धोतराच्या सोग्याला पुसले, घडी केली, पुन्हा खिशात. सगळा मामला दोन श्वासांचा. खिशातल्या चाकूविषयीचे माझे सारे ज्ञान तिथून सुरू होते. आता मुलाने मांडलेल्या ‘परंपरे’कडे वळू.

४/
आपल्या इतिहासात लपवलेल्या पात्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग कोणता, हे या पानावरच्या वाचकाला सांगायला नको. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. सभासदाच्या बखरीत बिचवा आणि वाघनख अशी दोन्ही शस्त्रे येतात. बिचवा म्हणजे विंचवाच्या नांगीसारखे वळण असलेला लहान खंजीर. वाघनखे मुठीत मावतात आणि बोटांतल्या अंगठ्यांपलीकडे बाहेर काही दिसत नाही. मात्र भेटीच्या शामियान्यात कोणते शस्त्र आधी चालले, कोणाच्या हातात नेमके काय होते, याविषयी सर्व साधने एकमुखी बोलत नाहीत. हे ध्यानात ठेवा. पितळी वाघनखे विकणाऱ्यांना त्याची फिकीर नसते.

५/
जरा आडवळण. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा रांगा लागल्या. ती साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफकडून त्याच्या वंशजांमार्फत तिथे पोहोचली. सोबतच्या पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे, आणि त्यात अफजलखानाला ‘मोगल’ सेनापती म्हटले आहे. खान आदिलशाहीचा. पेटीवर लिहिणाऱ्याला एवढेही ठाऊक नव्हते. हीच ती वाघनखे याची खात्री देता येत नाही, असे संग्रहालय स्वतः सांगते. तरीही मी पाहायला गेलो होतो, आणि काचेसमोर उभा राहिल्यावर अंगावर काटा आला, हे कबूल करतो. श्रद्धेने पाहणे आणि पुराव्याने बोलणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच माणसाने दोन्ही केली तर बिघडत नाही.

६/
आता त्या भेटीची आखणी आठवा. वकील गेले-आले. पंताजी गोपीनाथांनी बोलणी केली. सोबत किती माणसे असावीत, ती किती अंतरावर उभी राहावीत, हे ठरले. अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली शिरस्त्राण. जावळीच्या रानात सैन्य पेरलेले. आपले काही बरेवाईट झाले तर राज्य कसे चालवायचे, याची व्यवस्था लावून महाराज गड उतरले. म्हणजे त्या अस्तनीतल्या पात्यामागे एक राज्य उभे होते, त्यातल्या माणसांच्या जिवाची जबाबदारी होती आणि कित्येक आठवड्यांची मसलत होती. ते शस्त्र त्या एका दिवसासाठी, त्या एका माणसासाठी लपवले होते. महाराज रोज उठून अस्तनीत बिचवा घालून हिंडत होते, असे मला कोणत्याही साधनात आढळलेले नाही.

७/
मग रोजच्या वापरात काय होते? त्या काळची दख्खनी चित्रे पाहा. सरदाराच्या कमरेच्या शेल्यात कट्यार खोचलेली असते, आणि ती समोर, पाहणाऱ्याला स्पष्ट दिसेल अशी. मूठ नक्षीची, म्यान मखमली. कट्यार ही हुद्द्याची खूण होती, ती दिसण्यासाठीच होती. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या नाटकात पुरुषोत्तम दारव्हेकरांनी राजगायकाला मिळणाऱ्या कट्यारीला एक खून माफ असल्याची कल्पना योजली. ती नाटकातली कल्पना आहे, इतिहास म्हणून कुणी सांगू नये. पण त्या कल्पनेला आधार खरा आहे: कमरेचे पाते दरबाराने दिलेले असे, आणि कोणी दिले हे सगळ्यांना ठाऊक असे.

८/
लपवायच्या शस्त्रांना भाषेने वेगळी नावे दिली. ‘गुप्ती’ हा शब्दच घ्या. वरून हातातली साधी काठी, आत पाते. नावातच ‘गुप्त’ आहे. ‘अस्तनीतला निखारा’ हा शब्दप्रयोग आपण कोणासाठी वापरतो? विश्वासघातक्यासाठी. लपवलेल्या धारदार वस्तूकडे मराठी माणसाने कधीच फारशा आदराने पाहिले नाही. प्रतापगड हा अपवाद का ठरला, तर तिथे समोरचाही निर्मळ मनाने आलेला नव्हता, आणि पणाला लागलेले राज्य स्वतःच्या अहंकारापेक्षा मोठे होते. अपवादालाच परंपरा ठरवायचे असेल, तर आग्र्याहून सुटकेच्या आधारावर आपण सगळ्यांनी पेटाऱ्यात बसून प्रवास करायला हवा.

९/
खरी परंपरा दुसरीकडे आहे आणि तिच्याकडे कुणी छायाचित्रे काढायला जात नाही. बलुतेदार लोहाराने घडवलेला विळा. पालावर भाता लावून बसलेल्या घिसाड्याने ठोकून दिलेले खुरपे. अडकित्ता, पानाच्या चंचीतला. मेंढपाळाच्या कमरेचा चाकू. खंडेनवमीला आमच्या घरी देवघरासमोर पाट मांडून त्यावर हे सारे ठेवले जाई: विळे, कोयता, खुरपी, कुऱ्हाड, आणि त्यांच्या कडेला आबांचा तो तीन इंची चाकू. खंडा म्हणजे तलवार, नवमी तिच्या नावाची; पण आमच्या घरात तलवार कधीच नव्हती, आणि म्हणून पूजा कधी अडली नाही. हळद-कुंकू वाहताना आजी त्या चाकूचे पाते उघडून ठेवायला सांगे. मिटलेल्या चाकूची पूजा तिला मान्य नव्हती. का, ते मी विचारले नाही. आता विचारायला ती नाही.

१०/
इथे काही वाचक माझ्यावर उखडतील. म्हणतील, “इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केले आणि तुम्ही त्यांचीच री ओढता.” हा मुद्दा हलका नाही. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ मध्ये शस्त्र कायदा झाला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. सामान्य हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना काढावा लागे, युरोपीय लोकांना मात्र नियमांत मोकळीक होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधींनीही १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकात या निःशस्त्रीकरणावर कठोर शब्दांत टीका केली होती. परक्या सत्तेने संपूर्ण समाजावर अविश्वास दाखवला, ही सल खरी होती.

११/
पण आपल्या पणजोबांवर तो कायदा थेट चालत नव्हता, हे लक्षात घ्या. तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा. वाशी, भूम, कळंब, परांडा हा मुलूख निजामाच्या राज्यात. इंग्रजांची हद्द इथून पश्चिमेला, बार्शीच्या बाजूला. तेव्हा ‘शस्त्रे मोकळी असती तर’ या प्रश्नाचे उत्तर शोधायला कल्पना लढवण्याची गरज नाही. सीमेच्या अलीकडे पाहिले की झाले.

१२/
आणि इकडे काय दिसते? एकोणिसाव्या शतकात निजामाच्या मुलखात अरब आणि रोहिले यांची भाडोत्री पथके होती. अरबाच्या कमरेचा वाकडा जंबिया हा त्या काळाचा दहशतीचा शब्द. यांतले काही जमादार पुढे सावकारही झाले. कर्ज वसूल करायला दारात पहारे बसवायचे, कर्जदाराला कोंडून ठेवायचे, महसूल तारण म्हणून तालुके ताब्यात घ्यायचे. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाची बरीच शक्ती या मंडळींना आवरण्यात गेली. शस्त्र कायद्याने काढून घेतले नव्हते, तरी ते कुळाच्या हाती आले नाही. ज्याच्याकडे पैसा आणि माणसे, त्याच्याकडेच ते राहिले. मोकळ्या शस्त्रांचा लाभ दुबळ्याला आपोआप होतो, हे गृहीतक निदान आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात तरी टिकत नाही.

१३/
१९४७-४८ चा काळ तर अजून काही घरांत जिवंत आठवणींचा आहे. लातुरात वकिली केलेला कासिम रझवी, त्याचे रझाकार, सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीवर उभे राहिलेले स्टेट काँग्रेसचे कॅम्प, आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने शिरलेले भारतीय सैन्य. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, सारे संपले. हे आपण दर वर्षी सांगतो. पुढचे सहसा सांगत नाही. त्यानंतरच्या दिवसांत सूडाची जी लाट आली, तीत मुसलमान कुटुंबांची भयंकर हानी झाली, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. सुंदरलाल समितीच्या अहवालात ही नोंद आहे. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्याने हे पानही वाचावे. हत्यार हाती असलेली, भेदरलेली आणि भडकलेली माणसे काय करतात, हे ठाऊक करून घ्यायला आपल्याला परदेशी उदाहरणे धुंडाळावी लागत नाहीत.

१४/
‘अभिमान बाळगणारा’ असे वर लिहिले आणि एक गंमत सुचली. मराठीत आपण राग बाळगतो, भीती बाळगतो, आशा बाळगतो. पोलिसांच्या फिर्यादीतही आरोपी हत्यार ‘बाळगतो’. आबा चाकू कधी बाळगत नसत; ते खिशात ‘ठेवत’. शेतकरी विळा ‘घेऊन’ जातो. ‘बाळगणे’ या क्रियापदात मनात काहीतरी जपून ठेवल्याची छटा आहे. संदेश पाठवणाऱ्या मुलाने नेमका हाच शब्द वापरला होता. पुन्हा वर जाऊन पाहा.

१५/
आता कायद्याकडे येतो, कारण ‘नऊ इंच’ हा आकडा इंटरनेटवर मंत्रासारखा फिरतो आहे. हा आकडा येतो शस्त्र नियमांच्या अनुसूचीतून. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालच्या या नियमांत तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले यांच्या रांगेत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. इथवर वाचून पोरे थांबतात आणि साडेआठ इंचांचे पाते मागवतात. पुढचे वाचत नाहीत.

१६/
पुढचे असे. १९५१ चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा. त्याच्या कलम ३७ खाली जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात. सण, उत्सव, मोर्चे, निवडणुका यांच्या सुमारास तो निघतो, मुदत संपली की बहुधा पुन्हा निघतो. आदेशाची भाषा एकदा नजरेखालून घाला: सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या, आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू. तिथे इंचाचा हिशेब नाही. आदेश मोडला तर कलम १३५. स्थानिक वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर ‘कलम ३७(१)(३) सह १३५’ अशी जी ओळ वारंवार दिसते, ती हीच. कित्येकदा तिच्याबरोबर ‘४/२५’ म्हणजे शस्त्र अधिनियमाची कलमेही असतात.

१७/
माझ्या परिचयातल्या एका मुलावर अशी नोंद आहे. नाव, गाव सांगणार नाही. मिरवणुकीच्या दिवशी कमरेला, सदऱ्याखाली, घडीचा चाकू. भांडण झाले नाही, कुणाला खरचटले नाही. ढोलावर नाचताना सदरा वर झाला, मूठ दिसली, बंदोबस्तावरच्या शिपायाने हात धरला. मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे माळावर धावायचा. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात दाखल गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. आता तो धावायला जात नाही. तारखांना जातो. चाकू कशासाठी ठेवला होतास, असे मी विचारले. “असाच,” म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “सगळ्यांकडं असतोय.” या दोन उत्तरांपेक्षा तिसरे उत्तर त्याच्याकडे नव्हते, आणि मला वाटते खोटेही तो बोलत नव्हता.

१८/
‘असाच’ ही माझ्या दृष्टीने सगळ्यांत धोकादायक जागा. काम असेल तर चाकू कामापुरता उघडतो. काम नसलेला चाकू संधीची वाट पाहतो, आणि संधी बहुधा बाचाबाचीच्या वेळी येते. स्वसंरक्षणासाठी ठेवला, असे सांगणाऱ्यांना एवढेच विचारतो की झटापटीत तो तुमच्याच हातात राहील याची हमी कोणी दिली? मांडीतली मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. वाशीहून मोठ्या रुग्णालयापर्यंतचे अंतर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आणि ज्याच्या खिशात चाकू आहे तो भांडणातून चार पावले मागे यायला कचरतो, हे माझे निरीक्षण आहे. कुणाला पटले नाही तर वाद घालायला तयार आहे.

१९/
मात्र हा धागा पोलिसांची तरफदारी म्हणून वाचू नका. तेच पाते वेगवेगळ्या खिशांत वेगवेगळे दिसते, आणि हा दोष जुना आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी माणसाची जात पाहून त्याला जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती. लोक तिला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्याने पुसला. पण फासे लावून तितर-लावे धरणाऱ्या पारध्याच्या कमरेला चाकू दिसला तर आजही पाहणाऱ्याची नजर बदलते, आणि माझ्या आबांच्या खिशाकडे ती कधी वळली नाही. दोघांचेही पाते दोर कापायचेच होते.

२०/
कोयत्याचेही तेच. आमच्या भागातून आणि शेजारच्या बीडमधून दर हंगामात हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. एका अवजाराच्या नावाने दोन माणसे मोजली जातात, यावर एक स्वतंत्र धागा लिहायचा आहे. तर ज्या शब्दात आमच्याकडे अख्खा संसार मावतो, त्या शब्दाला शहरात २०२२-२३ पासून ‘गँग’ चिकटली. पुण्यात कोयता विकताना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड घ्यावे, अशा सूचनांच्या बातम्या तेव्हा आल्या. टोळक्यांनी एका अवजाराची अब्रू घेतली, आणि तिची किंमत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोयते घेऊन बसलेली बाई मोजते.

२१/
कायद्याला हा फरक करता येतो, याचा दाखला मराठवाड्यातच आहे. नांदेडला हुजूर साहिबच्या परिसरात कृपाण धारण केलेले शीख दिसतात. इंग्रजांनी आधी पंजाबात १९१४ मध्ये आणि नंतर इतरत्र कृपाणीला शस्त्र कायद्यातून सूट दिली. आणि संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला आहे. ती कृपाण मिरवण्यासाठी नसते आणि तिची चोरीही नसते. तिच्यामागे बांधिलकी आहे, शिस्त आहे आणि ती धारण करणाऱ्याची ओळख लपलेली नाही. शेतकऱ्याच्या, मेंढपाळाच्या, तोडणी मजुराच्या पात्यामागचे काम हीसुद्धा तशीच उघड ओळख आहे. तपासणी करणाऱ्याने आधी हात पाहावेत, मग खिसा. घट्टे असलेला हात ओळखू येतो.

२२/
‘दिसू नये’ या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात, आणि त्या मुलाला माझे उत्तर या दोन अर्थांमध्येच आहे. आबांचा चाकूही दिसत नसे. धारदार वस्तू चारचौघांत मिरवू नये, लेकराबाळांत पाते उघडू नये, दुसऱ्याच्या हातात देताना मूठ पुढे करावी, ही रीत होती. तो संकोच समोरच्याच्या काळजीपोटी होता. दुसरे लपवणे समोरच्याला बेसावध गाठण्यासाठी असते. पहिल्या प्रकारात चाकू कोणी मागितला तर काढून देता येतो. दुसऱ्या प्रकारात तो मागणाऱ्यापासूनच लपवायचा असतो.

२३/
तेव्हा, मित्रा, तुझ्या प्रश्नाची सरळ उत्तरे. शेतात, गोठ्यात, दुकानात रोज काही कापावे लागते का? लागत असेल तर लहानसा, साधा, दोन्ही हातांनी उघडावा लागणारा चाकू ठेव. झटक्यात उघडणाऱ्या पात्याची सुतळीला गरज नसते. काम जिथे, चाकू तिथे. मिरवणूक, मोर्चा, यात्रा, मतदान या दिवशी तो घरी. मनाई आदेश लागू आहे का, हे तालुक्याच्या ठाण्यात विचारायला लाज नाही. आणि रोज काही कापावे लागत नसेल, तर खिशात चाकू नको. ती वाघनखे कपाटात ठेव, किंवा त्यांची मूठ कशी जोडली आहे याचा अभ्यास कर. पितळेच्या ओतीव नखांनी चिलखत तर सोडच, जाड सदराही फाटणार नाही.

२४/
राहिली भीती. तुझ्या दुसऱ्या संदेशात एक वाक्य होते, ते मी इथे देत नाही. रात्री कामावरून परतताना तुला ज्या रस्त्याची भीती वाटते, त्याविषयी ते होते. ती भीती मी खोटी मानत नाही. पण तिच्यावर इलाज म्हणून बखरीतली पाने फाडून खिशात घालू नकोस. सोबत कुणी असेल असे पाहा, घरी सांगून नीघ, तक्रार द्यायची असेल तर मी तुझ्याबरोबर येतो. खरोखर येतो.

२५/
आबांचा चाकू माझ्याकडे आहे. मी तो खिशात ठेवत नाही, कारण मी आता कचेरीत बसतो आणि तिथे मला कापण्यासारखे काही नसते. तो टेबलाच्या खणात असतो, टपालाची पाकिटे फोडायला. यंदा खंडेनवमीला पाते उघडून पाटावर ठेवणार आहे.

आपल्या घरात असा जुना चाकू, विळा, अडकित्ता असेल तर त्याचे छायाचित्र या धाग्याखाली टाका. कोणत्या गावच्या लोहाराने वा कोणत्या पालावरच्या घिसाड्याने घडवला, मूठ कशाची आहे, त्याने घरात काय काय कापले गेले, एवढे सांगा. माणसांची नावे नकोत, वस्तूची हकिगत हवी. पुढच्या धाग्यात त्यातल्या निवडक हकिगती घेईन, आणि त्यानंतर ‘एक कोयता’.